तंजावरला थांबलेल्यांसाठी – अनुभव धागा

तंजावर हे नाव आपल्याकडे बहुतेकांना शाळेच्या इतिहासातून भेटते. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांनी कावेरीकाठी राज्य स्थापन केले आणि भोसल्यांची ती गादी १८५५ पर्यंत टिकली, एवढे आपल्याला ठाऊक असते. गेल्या पौषात मी त्या जिल्ह्यात नऊ दिवस राहिले. पहिल्याच सकाळी आपल्याकडची एक सहल बृहदीश्वराच्या देवळाच्या आवारात आली आणि नंदीपुढे सर्वांचे छायाचित्र काढून पाऊण तासात मदुराईकडे निघूनही गेली. इतक्या लांबून येऊन ही मंडळी काय घेऊन परत जाणार, या विचाराने मला फार वाईट वाटले. तंजावर, कुंभकोणम, तिरुवैयारू, दारासुरम आणि स्वामीमलै ही सारी ठिकाणे एकाच जिल्ह्यात, एकमेकांपासून तास-दीड तासाच्या अंतरावर आहेत. पण तिथे थांबल्याशिवाय ती दिसत नाहीत. म्हणून जे थांबले, त्यांनी इथे लिहावे. संपूर्ण प्रवासवर्णन नको. जवळून पाहिलेली एखादीच गोष्ट पुरेशी आहे, मात्र ती नीट सांगावी.

नाशिकहून, एक निवृत्त शिक्षक

मी बृहदीश्वराच्या देवळात गेलो तो मुख्यतः मराठी शिलालेख पाहायला. दुसऱ्या सरफोजीराजांनी भोसले वंशाचे चरित्र १८०३ साली देवळाच्या प्राकाराच्या भिंतीवर देवनागरीत कोरून घेतले आहे. पहिल्या दिवशी तीन तास त्या भिंतीपाशी काढूनही माझ्या मोजक्याच ओळी वाचून झाल्या, कारण अक्षर ओळखीचे असले तरी शब्दांमध्ये जागा सोडलेली नाही आणि भाषा बखरीची आहे. तरीही घरापासून हजार किलोमीटरहून अधिक दूर, चोळांच्या देवळात, आपल्या लिपीतला मजकूर बोटाने हवेत गिरवत वाचताना जे वाटले ते शब्दांत मांडणे मला कठीण आहे.

दुसऱ्या दिवशी मात्र एका स्थानिक वृद्ध गृहस्थांनी मला तिथून उठवून मुख्य विमानाच्या, म्हणजे गाभाऱ्यावरच्या शिखराच्या, जोत्यापाशी नेले. त्या जोत्यावर तमिळ अक्षरांच्या ओळीच्या ओळी आहेत. सन १०१० च्या सुमारास हे देऊळ पूर्ण करणाऱ्या पहिल्या राजराज चोळाची आज्ञा तिथे कोरलेली आहे: आम्ही दिलेले, आमच्या ‘अक्कन’ने दिलेले, आमच्या राण्यांनी दिलेले आणि इतरांनीही जे दिले, ते सारे दगडावर लिहावे. ‘अक्कन’ म्हणजे थोरली बहीण कुंदवै. आपण घरात रोज वापरतो तो ‘अक्का’ हा शब्द राजाज्ञेत, तोही राण्यांच्या आधी, वाचून दाखवला गेला तेव्हा मी त्या गृहस्थांना ती ओळ पुन्हा वाचायला सांगितली. पुढे हिशेब सुरू होतात. देवळाच्या सेवेसाठी ठिकठिकाणच्या देवळांतून आणलेल्या चारशे नर्तकींची नावे, त्यांचे मूळ गाव, त्यांना दिलेले घर कोणत्या रांगेत कितवे, आणि प्रत्येकीला वर्षाला किती भात, हे सर्व त्यात आहे. राजाच्या पराक्रमाइतकीच एका नर्तकीच्या घराची नोंद टिकावी असे तेव्हा कोणाला तरी वाटले, याचा माझ्यातल्या इतिहासाच्या शिक्षकावर मराठी लेखापेक्षाही खोल परिणाम झाला.

या विमानाची सावली जमिनीवर पडत नाही, असे अनेकजण सांगतात. ती पडते, आणि सायंकाळी अंगणात चांगली लांब पडते. सुमारे ६६ मीटर उंचीच्या त्या ग्रॅनाइटच्या शिखराला अशा दंतकथेची गरज नाही. जमल्यास त्रयोदशीला प्रदोषासाठी जावे. त्या संध्याकाळी नंदीला दूध, दही, हळद आणि चंदनाचा अभिषेक होतो. हळदीची धार त्या प्रचंड पाठीवरून ओघळू लागली की हजारो माणसे एका वेळी हात जोडतात.

पुण्याहून, मोडीची अभ्यासक

सरांनी शिलालेखाचे लिहिले, म्हणून मी सरस्वती महालाविषयी लिहिते. राजवाड्याच्या आवारातला हा ग्रंथसंग्रह नायक राजांच्या काळापासूनचा आहे, परंतु त्याला आजचे रूप आले ते दुसऱ्या सरफोजीराजांमुळे. काशीयात्रेला गेले असताना त्यांनी तिकडूनही हस्तलिखिते मिळवून आणली. संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि मराठी अशा चारही भाषांतल्या पोथ्या इथे आहेत, त्यांत मराठी सुमारे तीन हजार, आणि मोडी कागदांची बाडे निराळी. संग्रहालयाच्या दालनात सर्वांना पाहता येतील अशा ताडपत्राच्या पोथ्या, चित्रे आणि राजांची इंग्रजी सही असलेले युरोपीय ग्रंथ मांडलेले आहेत.

मला ज्याने खिळवून ठेवले ते नेत्ररुग्णांचे कागद. सरफोजीराजांच्या देखरेखीखाली डोळ्यांवर उपचार होत असत, आणि रुग्णाच्या डोळ्याचे रंगीत चित्र काढून शेजारी त्याची हकीकत लिहिली जाई. बुबुळावरचा पांढुरका पडदा कुंचल्याच्या टोकाने इतका काळजीपूर्वक रंगवलेला आहे की त्या चित्रकाराने तो डोळा अगदी समोरून, बराच वेळ पाहिला असला पाहिजे. राजघराण्याच्या वैभवाच्या वस्तू मी विसरून जाईन; तो डोळा विसरणार नाही.

धागाकर्ती

ताई, राजांना लहानपणी शिकवणाऱ्या श्वार्ट्झ या मिशनऱ्याचे स्मारकही शिवगंगा बागेजवळच्या चर्चमध्ये आहे, आणि ते संगमरवरी शिल्प राजांनी जॉन फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून इंग्लंडमध्ये घडवून घेतले. मरणशय्येवरच्या गुरूचा हात शिष्याने धरला आहे, असे ते दृश्य आहे. बृहदीश्वराहून तिथे चालत जाता येते, तरी आपले फार थोडे लोक जातात.

हुपरीहून, चांदीकाम करणारे एक कारागीर

आमच्या घरात तीन पिढ्या धातूचे काम चालते, त्यामुळे मला स्वामीमलैची ओढ होती. तिथला मुरुगनचा, म्हणजे कार्तिकेयाचा, डोंगर सर्वांना माहीत आहे. साठ संवत्सरांच्या नावाने साठ पायऱ्या चढून दर्शन घ्यायचे असते. मी दर्शन घेतले आणि सरळ खाली स्थपतींच्या, म्हणजे मूर्ती घडवणाऱ्यांच्या, गल्लीत गेलो.

तिथे मूर्ती ओतण्याची पद्धत चोळांच्या काळापासून चालत आलेली आहे. मधाच्या पोळ्याचे मेण, राळ आणि शेंगदाण्याचे तेल एकत्र तापवून जे मिश्रण होते, त्याची आधी पूर्ण मूर्ती घडवतात. मोजमापासाठी पट्टी नसते. नारळाच्या झावळीची एक चीर मूर्तीच्या उंचीइतकी कापतात आणि तिला ठरावीक घड्या घालून चेहरा, मान, छाती, गुडघा यांची प्रमाणे काढतात. मग त्या मेणावर कावेरीच्या पात्रातली अतिबारीक गाळमाती लिंपतात. मी ती माती बोटांत घेऊन चोळली तेव्हा पिठासारखी लागली आणि बोटांच्या रेषांत जाऊन बसली. मेणावरची प्रत्येक रेघ धातूत उतरते ती या मातीमुळे, असे स्थपतींनी सांगितले. त्यावर जाड मातीचे थर आणि तारांचे वेढे येतात, साचा तापवून मेण काढून टाकतात, आणि जमिनीत पुरलेल्या साच्यात पंचधातूचा रस ओततात. थंड झाल्यावर साचा फोडावाच लागतो, म्हणून एका साच्यातून एकच मूर्ती निघते. त्यानंतर महिनोन्महिने छिन्नी चालते. आमच्याकडे आता बहुतेक कामाला यंत्र आले आहे. तिथे एक तरुण मुलगा देवीच्या कानातल्या कुंडलावर दोन तास मान न उचलता काम करत होता आणि त्याचे वडील शेजारी बसून काही न बोलता पाहत होते. मला माझे वडील आठवले.

दुसऱ्या दिवशी राजवाड्यातल्या कलादालनात तिरुवेंकाडूहून आलेला, सन १०११ चा, वृषवाहन शिव पाहिला. जटांचे नागासारखे वेढे फेट्याप्रमाणे बांधलेले आहेत आणि उजवा हात नंदीवर टेकवलेला आहे, पण नंदी आता तिथे नाही. हात मोकळ्या हवेवर विसावलेला आहे, तरीही त्याच्या बोटांतला सैलपणा पाहून नंदीची पाठ किती उंच असेल ते कळते. कारागिरीविषयी मला यापुढे काही लिहिता येत नाही.

मिरजेहून, गाणे शिकणारी

आमच्या गावात तंबोरे होतात, म्हणून तंजावरला आधी फणसाच्या लाकडाची वीणा करणाऱ्यांकडे गेले आणि मग तेरा किलोमीटरवरच्या तिरुवैयारूला. कर्नाटक संगीतातले संत-रचनाकार त्यागराज यांनी ६ जानेवारी १८४७ रोजी तिथेच देह ठेवला. आपल्या पंचांगाप्रमाणे पौष वद्य पंचमीला कावेरीकाठच्या त्यांच्या समाधीपुढे आराधना होते. गायक, वादक समोरासमोर रांगांत जमिनीवर बसतात आणि नाट, गौळ, आरभी, वराळी आणि श्री या पाच रागांतल्या त्यांच्या पंचरत्न कृती सर्वजण एकत्र गातात. तिथे मानाचे आसन कोणालाच नसते. ज्यांची तिकिटे चेन्नईत महिनाभर आधी संपतात, असे गायक शिकाऊ मुलांच्या शेजारी मांडी घालून बसलेले असतात. मला तेलुगू येत नाही, तरी माझ्या शेजारच्या आजींनी आपली पुस्तिका माझ्यापुढे सरकवली आणि मला ती लिपीही येत नाही हे कळल्यावर त्या स्वर माझ्या हातावर बोटाने मोजून दाखवू लागल्या.

समाधीवरचे देऊळ गायिका बेंगळुरू नागरत्नम्मा यांनी स्वतःच्या कमाईतून उभारले, हे मला तिथे गेल्यावर कळले. त्या काळी स्त्रियांना आराधनेत गाऊ देत नसत, म्हणून त्यांनी १९२७ साली स्त्रियांची स्वतंत्र आराधना सुरू केली. आज त्यांची मूर्ती समाधीकडे तोंड करून बसलेली आहे. मी परतताना आधी तिच्या पाया पडले.

चेन्नईहून, तंजावरी घरातली सून

माझे माहेर सातारा, सासर तंजावरी मराठी. आमच्याकडे घरी जी मराठी बोलतात ती माझ्या माहेरच्यांना अर्धी कळते, कारण तिने तमिळचा हेल आणि पुष्कळ शब्द घेतले आहेत. स्वयंपाकातही तसेच झाले. वांग्याची ‘रसवांगी’ आणि दह्यातली ‘डांगर पचडी’ आता तमिळ घरांतही करतात, आणि ती नावे मराठी आहेत हे करणाऱ्यांना सहसा ठाऊक नसते.

दरवर्षी आम्ही पुन्नैनल्लूरच्या मारियम्मनला जातो. एकोजीराजांना देवीने दृष्टांत दिला आणि पुढे तुळजाराजांच्या मुलीला तिच्या कृपेने दृष्टी आली, अशी परंपरा सासूबाई सांगत. मूळ मूर्ती वारुळाच्या मातीची असल्यामुळे तिला पाण्याचा अभिषेक होत नाही. त्याऐवजी पाच वर्षांतून एकदा, एक मंडल म्हणजे अठ्ठेचाळीस दिवस, सुगंधी तेलाचा लेप देतात. हे देऊळ आजही राजवाड्याच्या देवस्थानाकडे आहे. त्या देवस्थानाखाली अठ्ठ्याऐंशी देवळे आहेत. मूर्ती मातीची असल्याने तिला जपावे लागते, हे मला फार आवडते. सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणात त्यांचे अंग पुसताना मला त्या तेलाच्या लेपाचीच आठवण येत असे.

ठाण्याहून

मी थोडक्यात लिहितो. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आईला घेऊन दारासुरमला गेलो होतो. देवळे दुपारी बंद असतात आणि अनवाणी पायांना दगड सोसत नाही, म्हणून सकाळी सातपूर्वी किंवा चारनंतरच जावे, सोबत वयस्कर माणूस असेल तर मोजे न्यावेत. दुसऱ्या राजराजाच्या या बाराव्या शतकातल्या ऐरावतेश्वराच्या देवळात तंजावरची भव्यता नाही, पण हातभर अंतरावरून पाहण्यासारखे पुष्कळ आहे. नाद देणाऱ्या पायऱ्या आता जाळीमागे आहेत. आईला आवडले ते हत्ती आणि बैल यांचे एकच डोके असलेले शिल्प. एक धड तळव्याने झाकले की हत्ती, दुसरे झाकले की बैल. तिने ते चार वेळा करून पाहिले आणि मग शेजारच्या एका तमिळ आजींनाही हात धरून करून दाखवले. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती.

पंढरपूरहून, एक कीर्तनकार

माझा अनुभव कुंभकोणमजवळच्या गोविंदपुरमचा आहे. तिथे संत बोधेंद्र स्वामींचे अधिष्ठान, म्हणजे समाधी, आहे आणि अलीकडच्या काळात उभे राहिलेले विठ्ठल-रुक्मिणीचे मोठे मंदिरही आहे. तमिळ मुलखातल्या नामसंकीर्तनाचा क्रम ज्यांनी बसवला ते सद्गुरुस्वामीही याच जिल्ह्यातल्या मरुदानल्लूरचे. या भागात भोसल्यांच्या काळापासून रामदासी मठ होते, मराठी कीर्तनकार येत-जात असत, आणि रामचंद्रबुवा मोरगावकर यांची कीर्तने ऐकून तंजावर कृष्ण भागवतर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तमिळ हरिकथेला तिचे आजचे रूप दिले. साकी, दिंडी, ओवी, अभंग ही आपली वृत्ते त्याच नावांनी तिच्यात गेली. हे मी वाचलेले होते. कानांनी ऐकले नव्हते.

एकादशीच्या रात्री तिथे भजन चालू होते. मी पंढरपूरचा आहे असे कोणीतरी सांगितले, तेव्हा त्यांनी मला पुढे बोलावून टाळ हातात दिले. मी तुकोबांचा एक अभंग सुरू केला आणि समजावून सांगण्यासाठी पहिल्या चरणानंतर थांबलो. मी थांबलो, पण भजन थांबले नाही. समोर बसलेल्या दोन-तीनशे माणसांनी, ज्यांतल्या कोणाशी मी दुपारपासून खुणांनीच बोलत होतो, पुढचा चरण उचलला होता. ‘ळ’ त्यांचा आपल्यासारखाच होता आणि ‘ठ’ थोडा मऊ होता. पुढचे चार चरण त्यांनी म्हटले, मी टाळ धरले.