बंदराच्या ईआयएसाठी (पर्यावरणावरील परिणामांच्या अभ्यासासाठी) एका हंगामाची मोजणी पुरते का?

बंदराच्या कामाआधी समुद्राचे प्रवाह आणि गढूळपणा मोजतात. ही मोजणी फक्त हिवाळ्यात केली तर पुरेल का, असा प्रश्न आहे. नियमात बसते, पण कोकणात फसवते. वाळू खरी हलते ती जून ते सप्टेंबरच्या लाटांनी. डिसेंबरात पाणी निवळ असतं. प्रवाहमापक किमान 15 दिवस सलग ठेवा, म्हणजे उधाण (मोठी भरती-ओहोटी) आणि भांग (लहान भरती-ओहोटी) दोन्ही सापडतात. दोनच दिवसांचे आकडे मॉडेलमध्ये घातले, तर उपसलेला गाळ कुठवर पसरेल हे चुकतंच. गढूळपणा पृष्ठभाग, मध्य आणि तळ अशा तिन्ही ठिकाणी मोजा. गाळाचा दाट लोट तळालगत सरकतो. नागपुरात नीरी ही पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे, त्यामुळे समुद्र लांब असूनही हे काम इथली माणसं करतात. त्यांना कळकळीची विनंती: मच्छीमार जाळी कुठे, कोणत्या महिन्यात टाकतात हे मोजणीची ठिकाणं ठरवण्याआधी विचारा. जनसुनावणीत कळलं, तर नकाशा बदलायला उशीर झालेला असतो.