ताराबाईंसाठी ‘राजप्रतिनिधी’ हा शब्द चालेल का?

रविवारी सिंहगडावर राजाराम महाराजांच्या समाधीपाशी भाचीला ताराबाईंची हकिकत सांगत होते. १७०० साली महाराज याच गडावर वारले, तेव्हा त्यांची राणी ताराबाई जेमतेम पंचविशीच्या. आपल्या चारेक वर्षांच्या मुलाला, दुसऱ्या शिवाजीला, गादीवर बसवून त्यांनी पुढची सात वर्षं औरंगजेबाशी झुंज दिली. भाचीने विचारलं, “राणी म्हणजे राजाची बायको की राज्य करणारी?” मला चटकन शब्द सापडेना. राजा लहान असताना त्याच्या नावाने राज्य चालवणाऱ्याला इंग्रजीत रीजंट म्हणतात, त्याला ‘राजप्रतिनिधी’ म्हणावं का?

— ताई, ताराबाईंसाठी तरी नको. मराठेशाहीत ‘प्रतिनिधी’ हे पदच होतं. राजाराम महाराजांनी जिंजीला असताना प्रल्हाद निराजींसाठी ते निर्माण केलं. पुढे परशुराम त्रिंबकांच्या घराण्यात ते राहिलं, म्हणून औंधचे पंतप्रतिनिधी. हेच परशुरामपंत ताराबाईंच्या कारभारातले मातब्बर. एकाच पानावर दोन ‘प्रतिनिधी’ आले की वाचणारा गोंधळणार. ‘मुखत्यार’ कसा वाटतो?

— मुखत्यारी धन्याने द्यावी लागते. चार वर्षांचं पोर ती कशी देणार? त्यापेक्षा सातबारा आठवा. आमच्या मुळशीच्या जमिनीच्या जुन्या उताऱ्यावर वडिलांच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ आणि आजीचं नाव आहे. अज्ञान पालक कर्ता; ‘अज्ञान’ म्हणजे वयात न आलेला. जमीन मुलाची, वहिवाट आई बघणार. रीजंटचा अर्थ नेमका हाच, म्हणून मी ‘पालक राणी’ लिहितो. खेडला, म्हणजे आताच्या राजगुरुनगरला, १७०७ मध्ये शाहूंकडून हार झाली. पुढे ताराबाईंनी कोल्हापूरची गादी उभी केली. १७१४ मध्ये सवत राजसबाईंनी आपल्या मुलाला, संभाजीला, तिथे बसवलं. मुलाची गादी गेली, त्याबरोबर आईची सत्ताही गेली.

— काका, हक्काच्या बाजूने पटलं. पण ‘पालक’मध्ये त्यांची तडफ कुठे दिसते? गड पडत होते, परत घेतले जात होते, फौजा नर्मदेपलीकडे जात होत्या. मराठीत इथे नामापेक्षा क्रियापद जास्त बोलतं. ‘कारभार पाहिला’ म्हटलं की दप्तर डोळ्यांपुढे येतं. ‘राज्य राखलं’ म्हणा.

— हे आवडलं. ‘लेकाच्या नावाने राज्य राखणारी राणी.’ चार शब्द जास्त लागले तरी चालतील, भाचीला असंच सांगते.