शब्दचर्चा: ‘गॅसची आयात’ म्हणजे नेमक्या कोणत्या गॅसची?

प्रश्न: ‘कतारहून द्रवरूप गॅसचे जहाज आले’ अशी बातमी आणि खाली सिलिंडरचा फोटो! द्रवरूप गॅस कशाला म्हणायचे, एलएनजीला की एलपीजीला?

उत्तर: दोन्ही द्रवच, म्हणून घोळ होतो. एलपीजी (द्रवरूप पेट्रोलियम वायू) म्हणजे प्रोपेन-ब्युटेन. नेहमीच्या तापमानालाही तो दाबाखाली द्रव राहतो, म्हणून सिलिंडरमध्ये मावतो. एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) म्हणजे मुख्यतः मिथेन, साधारण उणे 162 अंशांपर्यंत थंड करून आणलेला. दहेज, हजिरा किंवा दाभोळच्या टर्मिनलवर (जिथे जहाज रिकामे होते) त्याचा पुन्हा वायू करून वाहिनीत सोडतात. नळाने घरी येतो तेव्हा त्याला पीएनजी म्हणतात, पंपावर सीएनजी. ‘द्रवरूप’ लिहा की ‘द्रवीकृत’, बिघडत नाही. ‘नैसर्गिक’ किंवा ‘पेट्रोलियम’ हा शब्द मात्र हवाच, आणि मथळ्यातून नेमका तोच गळतो.

शेगडीपाशी हा फरक लगेच कळतो. एलपीजीची शेगडी पीएनजीला जोडायची तर जेट (गॅस सोडणारी तोटी) बदलून मोठ्या भोकाचे लावावे लागते, नाहीतर ज्योत मरतुकडी. गळतीत एलपीजी जमिनीलगत साचतो, पीएनजी वर चढतो.

प्रश्न: मग ‘आयात अवलंबित्व’ कोणाचे किती?

उत्तर: नैसर्गिक वायूचे ढोबळमानाने निम्मे, एलपीजीचे त्याहून जास्त. दोन्हींचा मोठा वाटा आखाती देशांतून येतो, पण आकडे वेगळे. एकाचे टक्के दुसऱ्याला चिकटवू नका. शब्दाबद्दल म्हणाल तर ‘अवलंबित्व’ अहवालात ठीक; बातमीत ‘निम्म्या गॅससाठी आयातीवर भिस्त’ सरळ वाचता येते. ‘पुनर्वायूकरण’ही अचूक आहे, पण टर्मिनलवर सगळे ‘रीगॅस’च म्हणतात.

पुरवणी: ‘घनमीटर’ कशाचे, तेही लिहा. 1,70,000 घनमीटरचे एलएनजी जहाज म्हणजे तेवढा द्रव. वायू होताना तो सुमारे 600 पट फुगतो, म्हणजे दहा कोटी घनमीटरच्या आसपास. आणि हे 600 टनाला लावू नका. एका टनात द्रवच जवळपास सव्वादोन घनमीटर असतो, त्याचा वायू 1,300 घनमीटरच्या वर. कतारशी असलेला वर्षाला 75 लाख टनांचा दीर्घ मुदतीचा करार (2024मध्ये 2048पर्यंत वाढवलेला) या हिशेबाने दिवसाला सुमारे 2.7 कोटी घनमीटर होतो. कंपन्यांच्या कागदांत हेच 27 एमएमएससीएमडी, म्हणजे दिवसाला इतके दशलक्ष प्रमाणित घनमीटर. त्यातले एमएम म्हणजे हजार गुणिले हजार, दहा लाख.

आणखी एक: ‘क्षमता’ म्हणजे पुरवठा नव्हे. दाभोळची क्षमता 50 लाख टन लिहिली जायची, पण लाटरोधक भिंत अपुरी असल्याने पावसाळ्यात जहाज धक्क्याला लागत नसे. त्यामुळे वर्षाला प्रत्यक्षात 29 लाख टनांच्या आसपासच हाताळता येई. तिथे ‘मंजूर क्षमता’ आणि ‘वापरता येणारी क्षमता’ असे दोन शब्द हवेतच.