हेळव्यासारखी विषाणूची वंशावळ निघते का?

तासगावकर
आमचे थोरले चुलते ट्रकवर होते. बेदाणा भरून वाशीला जायचे. ९७ साली गेले. कशानं ते गावाला माहीत होतं. परवा यात्रेत पुन्हा कोणीतरी बोललंच, "यानंच मुंबईतनं एड्स आणला गावात." आई जेवता जेवता उठली. पोरगी बीएस्सीला आहे, ती म्हणते जनुकांवरून विषाणूचं मूळ कळतं. खरं का? इतकं जुनं कोण कसं सांगणार?

मिरजेचा लॅबवाला
खरं आहे. सुगी झाली की हेळवी घराण्याच्या वंशावळीची वही घेऊन येतो ना दारात? समजा दोन हेळव्यांच्या वह्यांत 'बापूजी'चं 'बाबाजी' झालंय, तेही एकाच जागी. म्हणजे दोघांनी एकाच जुन्या वहीवरून उतरवलंय. एचआयव्ही, म्हणजे एड्सचा विषाणू, तसाच. सुमारे ९,७०० अक्षरांची वही, आणि नक्कल करणारा भलताच धांदरट! चुका साधारण ठरावीक वेगानं साठतात, त्यामुळे फरक मोजून मागं जाता येतं.

आफ्रिकेत काँगोमधल्या किन्शासा शहरातले दोन जुने नमुने हाती लागले. १९५९ चं रक्त आणि १९६० ची मेणात ठेवलेली गाठ. दोन्हींत तेव्हाच एवढा फरक होता की मूळपुरुष बराच जुना असणार. २००८ मध्ये हिशेब निघाला साधारण १९०८ चा, चूकभूल १८८४ ते १९२४. त्याच्याही मागची शाखा आग्नेय कॅमेरूनच्या चिंपांझींत. तीही रानातली त्यांची विष्ठा गोळा करून शोधली (कुणाच्या नशिबी काय काम!).

आपल्याकडे बहुतेक 'सी' उपप्रकार. दक्षिण आफ्रिकेतल्या फांदीला फुटलेला, अंदाजे सत्तरच्या दशकात. चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या गटाला १९८६ ला पहिले रुग्ण सापडले, त्याच्या आधीच तो देशात फिरत होता.

विट्याचा गलाईवाला
मग काकांना कुणाकडून लागला तेही निघेल की?

मिरजेचा लॅबवाला
नाही. दोन नमुने जवळचे निघाले तरी मधला तिसरा माणूस तपासलेलाच नसतो. गेटान दुगा नावाच्या विमान कर्मचाऱ्याला असंच जगानं 'पेशंट झिरो', म्हणजे अमेरिकेत एड्स आणणारा पहिला माणूस, ठरवलं. मूळ कागदावर शून्य नव्हतंच, इंग्रजी 'ओ' अक्षर होतं, कॅलिफोर्नियाबाहेरचा म्हणून. २०१६ ला १९७८-७९ ची साठवलेली रक्तं तपासली, तर अमेरिकेत विषाणू १९७० च्या सुमारास कॅरिबियनमधून न्यूयॉर्कला आलेला. दुगाचा नमुना विषाणूच्या वंशवृक्षाच्या मध्येच कुठंतरी. तोवर तो जाऊन ३२ वर्षं झालेली.

तासगावकर
आईला वाचून दाखवलं. चिंपांझीचं ऐकून हसली. मग म्हणाली, "शास्त्रज्ञांना कळत नाही, तर यात्रेतल्या त्याला कसं कळलं रं?" बाकी सवडीनं लिहितो, शेडवर माल उतरवायचाय.