गावं महापालिकेत गेली, ग्रामसभा कुठे गेली?

शिवारकर

३० जून २०२१ रोजी पुणे महापालिकेत २३ गावं घेतली. त्याआधी २०१७ मध्ये ११ घेतली होती. क्षेत्रफळात पुण्याने मुंबईला मागे टाकलं आणि त्याचंच कौतुक जास्त झालं. मला बोलायचंय ते वेगळ्या गोष्टीबद्दल.

सूस, म्हाळुंगे, नांदेड, किरकटवाडी, मांजरी बुद्रुक, वाघोली. या सगळ्या ठिकाणी ग्रामपंचायत संपली. सरपंच गेला, सदस्य गेले, ग्रामसभा गेली. बदल्यात नगरसेवक मिळाला का? महापालिकेची मुदत मार्च २०२२ ला संपली, प्रशासक आले आणि मतदान झालं थेट जानेवारी २०२६ मध्ये. साडेचार वर्षं या गावांच्या रोजच्या कारभारात गावाने निवडून दिलेला एकही माणूस नव्हता. कर मात्र चालू होता.

ग्रामसभेला नावं ठेवणं सोपं आहे. पण कायद्याने वर्षातून किमान चार घ्याव्या लागतात आणि गणपूर्तीला १५ टक्के किंवा १०० मतदार पुरतात. तिथे मागच्या सभेचं इतिवृत्त वाचावं लागतं. टाकी धुतली का, पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर संपली होती ते खरं का, असं कुणीही उभं राहून विचारतो आणि ग्रामसेवकाला गावासमोर उत्तर द्यावं लागतं. पाणी तपासून आरोग्य खातं ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड देतं. लाल कार्ड आलं की चावडीवर त्याची चर्चा होतेच.

आता जानेवारी २०२५ आठवा. सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएसचे (गुइलेन-बॅरे सिंड्रोम, हा मज्जातंतूंचा आजार) रुग्ण सापडायला लागले. बोट गेलं ते पिण्याच्या पाण्याकडे. नांदेड गावच्या विहिरीचं पाणी शुद्धीकरण केंद्रातून न जाता नुसतं क्लोरीन टाकून दिलं जात होतं. महापालिकेत येऊन साडेतीन वर्षं झाली होती. त्या काळात गावकऱ्यांनी जाब कुणाला विचारायचा होता, आणि कुठल्या सभेत?

मोठी कामं मोठ्या संस्थेने करावीत, हरकत नाही. पण गावाने एकत्र बसून हिशेब विचारायची हक्काची जागा मोडली, ती चूक झाली असं माझं ठाम मत आहे.

आराखडा

जीबीएसचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. ती विहीर काही महापालिकेने खणली नव्हती. ग्रामपंचायतीच्या काळातही गाव तेच पाणी पीत होतं आणि तेव्हाही शुद्धीकरण केंद्र नव्हतंच. केंद्र उभारायला कोट्यवधी रुपये, जागा आणि इंजिनिअर लागतात. ते ग्रामपंचायत कुठून आणणार? पुणे महापालिकेचं वर्षाचं अंदाजपत्रक १२ हजार कोटींच्या वर आहे. तिने साडेतीन वर्षांत केंद्र उभारलं नाही ही तिची नालायकी, आणि ती मी झाकणार नाही. पण ग्रामपंचायतीकडे तर ते उभारायची ऐपतच नव्हती.

मूळ दुखणं तर त्याआधीचं आहे. नऱ्हे, वाघोली, मांजरीला जाऊन बघा. सहा मीटरच्या रस्त्यावर बारा मजली इमारती. ड्रेनेजचा पत्ता नाही, सांडपाणी ओढ्यात, उन्हाळ्यात टँकरची रांग. हे महापालिकेने केलेलं नाही. पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) २०१५ ला आलं, तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. इमारत बेकायदा आहे हे माहीत असून नोंद लावायची आणि घरपट्टी वसूल करायची, हा कारभार कुणाचा होता? ज्या सदस्याच्या चुलत्याची जमीन बिल्डरकडे गेली, तो त्या बांधकामाला नोटीस काढेल ही अपेक्षाच चुकीची आहे. त्या कामाला गावात नातं नसलेला माणूस लागतो.

माणगंगा

शहराला चिकटलेल्या गावांवरून सगळ्या ग्रामपंचायतींना एकच माप लावू नका, एवढी विनंती.

नगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार बघा. पाऊस जेमतेम, वर्षानुवर्षं दुष्काळ. पोपटराव पवार १९८९-९० च्या सुमाराला सरपंच झाले आणि गावाने ठरवलं की शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही. पावसाळा संपला की पाणी मोजायचं, ताळेबंद गावासमोर मांडायचा आणि यंदा कुठलं पीक घ्यायचं ते बसून ठरवायचं. असा नियम जिल्ह्यावरून परिपत्रक काढून लावून दाखवा बरं! शेजाऱ्याने रात्रीत बोअर मारलं तर ते पहिल्यांदा कळतं शेजाऱ्यालाच. गाव करील ते राव काय करील म्हणतात, ते उगाच नाही.

पैशाचंही तसंच. चौदाव्या वित्त आयोगापासून निधी थेट ग्रामपंचायतीच्या खात्यावर यायला लागला. त्याआधी पाइपलाइनच्या एका तुकड्यासाठी पंचायत समितीच्या सभापतीच्या दारात बसावं लागायचं. पंधराव्या आयोगात ८० टक्के ग्रामपंचायतीला आणि पंचायत समिती, जिल्हा परिषदेला दहा-दहा. आमच्याकडे त्यातून शाळेला संडास झाले, अंगणवाडीला फरशी बसली. कामं बारकी आहेत, पण जिल्ह्याच्या यादीत ती कधीच वर आली नसती.

मीरा_ल

वरच्या तिन्ही पोस्ट वाचल्या. गाव, गाव म्हणताना कुणाचं गाव, हे कुणीच सांगत नाहीये.

माझं माहेर मराठवाड्यात, गावाचं नाव देत नाही. नळयोजना आली तेव्हा पाइप वेशीपर्यंत आला आणि थांबला. पुढे आमची वस्ती. माझ्या आईसकट वस्तीतल्या बायका ग्रामसभेला गेल्या तर त्यांना शेवटी बसवलं आणि विषय "वेळेअभावी" पुढे ढकलला. पुढच्या सभेतही तेच. शेवटी पाणी आलं ते तालुक्याला अर्ज, मग जिल्ह्याला अर्ज, मग तिथल्या अधिकाऱ्याने स्वतः येऊन पाहणी केली तेव्हा. वस्तीत कोण राहतं, सरपंचाशी कुणाचं वाकडं आहे, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. त्याला एवढंच दिसलं की योजनेच्या कागदावर पाइप आहे आणि जमिनीत नाही.

बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत खेड्याबद्दल जे कडक बोल सुनावले ते अनुभवातून आले होते. खेडं हा राज्यघटनेचा पाया मानायला त्यांनी नकार दिला आणि व्यक्तीला पाया मानलं. आणि हे सगळं जुनं झालं म्हणणाऱ्यांनी नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आठवावं. सरपंचपदाची बोली दोन कोटींच्या वर गेली. राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये तिथली निवडणूकच रद्द केली, नंदुरबारच्या खोंडामळीचीही. तो लिलाव थांबवला कुणी? गावाने नव्हे, बाहेरच्या संस्थेने.

शिवारकर

मीराताई, तुमच्या आईला शेवटी बसवणाऱ्या सभेची बाजू मी घेणार नाही. कुणीच घेऊ नये.

पण त्यांना न्याय कशामुळे मिळाला? वर दाद मागायची सोय होती म्हणून. ती सोय हवीच, आयोग हवा, कलेक्टर हवा. माझा प्रश्न असा की वरचाच कार्यालय चालवणार आणि वरचाच तपासणार असं झालं, तर तुमच्या आईने अर्ज कुणाकडे करायचा? विलीन गावांत नेमकं हे झालंय. आज गावात पाणी आलं नाही तर देणाराही तोच आणि तक्रार ऐकणाराही तोच.

राखीव जागांचंही बघा. ग्रामपंचायतीत सात, नऊ, अकरा सदस्य, त्यात अर्ध्या महिला, शिवाय अनुसूचित जातींच्या जागा. निवडून यायला दोन-तीनशे मतं पुरतात. महापालिकेत चार सदस्यांचा प्रभाग, मतदार हजारोंनी. तुमच्या वस्तीतली बाई पैसा आणि पक्ष पाठीशी नसताना यातली कुठली निवडणूक लढू शकते?

मीरा_ल

लढू शकते, निवडूनही येते. मग सही कुठे करायची ते नवरा किंवा पॅनलप्रमुख सांगतो. दोन-तीनशे मतांत कुणी कुणाला मत दिलं हे जवळपास सगळ्यांना माहीत असतं, आणि आमच्यासारख्यांना त्याचीच भीती. हजारोंच्या गर्दीत माझं मत मला झाकता येतं.

जुना_विस्तार_अधिकारी

नोकरी जिल्हा परिषदेत गेली, म्हणून थोडं लिहितो.

आपल्याकडे वसंतराव नाईक समितीने विचार करून जिल्हा हा घटक बळकट केला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या. बाकीच्या बहुतेक राज्यांनी तालुक्यावर भर दिला, आपण जिल्ह्यावर दिला. शाळा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं यांच्यासाठी तो निर्णय बरोबरच होता असं मी आजही म्हणेन. शिक्षकाची नेमणूक आणि बदली गावाच्या हातात दिली असती तर प्रत्येक निवडणुकीनंतर गुरुजी बदलले असते. डॉक्टरचंही तेच.

पण एक सल आहे. २०२२ नंतर बहुतेक जिल्हा परिषदांवर कित्येक वर्षं प्रशासक होते. आधी सर्वसाधारण सभेत सदस्य उठून विचारायचा, "माझ्या गटातल्या शाळेचं छप्पर कधी?" आम्हाला घाम फुटायचा, फाइल शोधायला लागायची. सभाच नाही म्हटल्यावर फाइल शोधणार कोण? मोठं की छोटं हा वाद घालताना लोक हे विसरतात. लोकांनी निवडलेली मोठी संस्था आणि अधिकाऱ्याने चालवलेली मोठी संस्था यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

एडिसनकर

इकडचं, अमेरिकेतलं थोडं. न्यू जर्सीत २१ काउंट्या (जिल्ह्यासारख्या) आणि त्यांत ५६४ नगरपालिका आहेत. बहुतेक गावांचे वेगळे पोलीस आणि वेगळं शाळा मंडळ. मेरीलँडमध्ये उलट, शाळा काउंटी चालवते आणि सबंध राज्यात शाळा जिल्हे फक्त २४. आमच्याकडे शाळा मंडळाच्या बैठकीत माझ्यासारखा कालचा आलेला माणूसही माइकवर जाऊन बोलतो, हे मोलाचं वाटतं. किंमत म्हणजे घराचा कर, देशात सगळ्यात जास्त असलेल्यांपैकी. आणि शेजारचं श्रीमंत गाव स्वतःच्या शाळेभोवती हद्द आखून बसतं ते वेगळंच. प्रिन्स्टनमध्ये बरो आणि टाउनशिप अशा दोन नगरपालिका होत्या. लोकांनी २०११ मध्ये मतदान करून त्या एक केल्या, १ जानेवारी २०१३ पासून. एक व्हायचं की नाही हे तिथल्या लोकांना मतपेटीतून विचारलं गेलं, हे मात्र इथे सांगायलाच हवं.

आराखडा

मतदान घेतलं असतं तर एकही गाव आलं नसतं, आणि पुण्याच्या चारी बाजूंना तसंच बेबंद बांधकाम चालू राहिलं असतं. नदी सगळ्यांची. वरच्या गावाचं सांडपाणी खालचं गाव पितं. अशा निर्णयात एकट्या गावाला नकाराधिकार देता येत नाही.

माणगंगा

मग फुरसुंगी आणि उरुळी देवाचीचं काय म्हणाल? वर्षानुवर्षं पुण्याचा कचरा त्याच दोन गावांत. २०१७ मध्ये त्यांना महापालिकेत घेतलं, कर वाढला, सोयी काही त्या वेगाने आल्या नाहीत. लोक ओरडले आणि २०२४ मध्ये दोन्ही गावं बाहेर काढून वेगळी नगरपरिषद केली. म्हणजे ग्रामपंचायत आणि महापालिका यांच्या मधली वाट कायद्यात होतीच. ती आधीच का नाही धरली?

आराखडा

धरायला हवी होती, तिथे मी तुमच्याशी सहमत. वाघोलीएवढ्या गावाची दहा वर्षांपूर्वीच नगरपरिषद व्हायला हवी होती. पण ती कुणी होऊ दिली नाही याचाही शोध घ्या. ग्रामपंचायतीत बांधकामाचे नियम सैल आणि कर कमी, म्हणून गावातल्याच पुढाऱ्यांना तीच सोयीची होती.

शिवारकर

असेल तसं. पण आता गावं आत आलीच आहेत, तर आजचं बोलू. महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची, म्हणजे प्रभागातल्या एकेका भागातल्या मतदारांच्या सभेची तरतूद २००९ पासून आहे. प्रत्यक्षात त्या भरताना दिसत नाहीत. माझी मागणी साधी आहे: विलीन झालेल्या प्रत्येक जुन्या गावात वर्षातून चार क्षेत्रसभा, तारीख आधी जाहीर, इतिवृत्त लेखी, आणि पाण्याच्या तपासणीचा अहवाल तिथेच वाचायचा. महापालिकेचा इंजिनिअर उत्तर द्यायला हजर. याला पैसे लागत नाहीत आणि केंद्र-बिंद्र उभारायची वाटही बघावी लागत नाही. जानेवारीत निवडून आलेल्या नगरसेवकांना हे पत्र पाठवतोय. कुणाला सही करायची असेल तर सांगा.

मीरा_ल

सभेला वस्तीतल्या बायका असल्याशिवाय गणपूर्ती धरायची नाही, ही अट घाला. मग माझी सही आहे.

आराखडा

माझीही घ्या. पण बेकायदा बांधकामांची यादी त्या सभेत वाचली जाणार असेल तरच.