मदत हवी आहे: वेण्णाकाठच्या स्ट्रॉबेरीला गारठ्यापासून कसं वाचवू?

नमस्कार मंडळी. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या अंगाला आमची वीस गुंठे स्ट्रॉबेरी आहे. कार्तिक सरत आलाय. पुढच्या तीन रात्रींचा अंदाज आहे: आकाश निरभ्र, वारा पडलेला, किमान ८ अंश.

आकडा बघून निर्धास्त राहवत नाही. तो मोजतात जमिनीपासून सव्वा-दीड मीटरवर, सावलीतल्या पेटीत. आमची झाडं वीतभर उंचीची. शिवाय थंड हवा जड, ती उतारावरून सरकत खोलगटात साचते. गावात नुसता गारठा असतो तेव्हा वेण्णाकाठी दव गोठतं. गेल्या हंगामात पहाटे मल्चिंग पेपरवर (वाफ्यावर अंथरलेल्या प्लास्टिकवर) पांढरा थर होता, नखाने खरवडला तर करकरला. दोन दिवसांत फुलांचे मधले पिवळे गोंडे काळे पडले. अशा फुलाला फळ धरत नाही.

संध्याकाळी ठिबक चालवून माती ओली ठेवतोच, ती रात्री ऊब सोडते. पण क्रॉप कव्हर, म्हणजे झाडांवर पांघरायचं पातळ कापड, पहिल्यांदाच आणलंय. ते ऊन असतानाच टाकायचं की दिवस मावळल्यावर? कापड वर धरायला कमानी हव्यातच का? कापड टेकलेलं पान करपतं, असं आई म्हणते. आणि सकाळी किती वाजता काढता? मधमाश्या फुलांवर यायला हव्यात. ज्यांनी वापरलंय त्यांनी कृपया उद्या दुपारपर्यंत सांगा.