रिपोर्टमधील ‘क्रॉनिक’, ‘अनरिमार्केबल’, ‘हायपो’ या शब्दांचा नेमका अर्थ काय?

प्रश्न
आईच्या तपासण्यांचे कागद नुकतेच हाती आले असून त्यांतील काही शब्दांनी घरातले सगळेच धास्तावले आहेत. एका कागदावर ‘क्रॉनिक किडनी डिसीज, स्टेज ३’ असे निदान आहे, सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये स्वादुपिंड ‘अनरिमार्केबल’ असल्याचे म्हटले आहे, आणि टीएसएच वाढलेले असूनही निदान मात्र ‘हायपोथायरॉइडिझम’ असे, म्हणजे थायरॉइड कमी असल्याचे आहे. क्रॉनिक म्हणजे आजार विकोपाला गेला, असे समजायचे का?

प्रतिसाद १
नाही. ‘क्रॉनिक’ हा शब्द आजाराची तीव्रता सांगत नाही, तो किती काळापासून आहे एवढेच सांगतो. मूत्रपिंडाचा बिघाड ३ महिन्यांहून अधिक काळ टिकला की त्याला क्रॉनिक म्हणतात. याउलट ‘अक्यूट’ म्हणजे अचानक उद्भवलेला, मग ती साधी घसादुखी असो वा हृदयविकाराचा झटका. बिघाड किती आहे, हे स्टेजवरून कळते. एकूण ५ स्टेजपैकी तिसरीत ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडे रक्त किती वेगाने गाळतात याचा अंदाज देणारा आकडा, ३० ते ५९ असतो आणि तिचेही दोन भाग पडतात : ४५ ते ५९ म्हणजे ‘३ ए’, ३० ते ४४ म्हणजे ‘३ बी’. आईंचा आकडा यांपैकी कोणत्या भागात येतो आणि मागच्या तपासणीच्या तुलनेत तो स्थिर आहे की घसरतो आहे, हे डॉक्टरांना जरूर विचारा, कारण नुसत्या ‘स्टेज ३’ या शब्दांपेक्षा ही माहिती कितीतरी मोलाची आहे. ‘अनरिमार्केबल’ ही चांगली बातमी आहे : त्या अवयवात वावगे काही आढळले नाही.

प्रतिसाद २
थायरॉइडबद्दल लिहितो. टीएसएच हे संप्रेरक थायरॉइड ग्रंथीत तयारच होत नाही. ते मेंदूच्या तळाशी असलेली पीयूष ग्रंथी सोडते आणि त्याचे काम थायरॉइडला चालना देण्याचे असते. थायरॉइडचे काम मंदावले की पीयूष ग्रंथी अधिक जोर लावते, म्हणून टीएसएच चढते. आकडा वाढलेला आणि निदान ‘कमी’चे, यात विसंगती नाही.
‘हायपर’ म्हणजे जास्त आणि ‘हायपो’ म्हणजे कमी. ऐकताना हे दोन शब्द सहज एकमेकांत मिसळतात, त्यामुळे फोनवर कुणाला निदान कळवायचे असेल तर कागदाचा फोटोच पाठवावा, असा माझा आग्रह आहे.

प्रश्नकर्ता
आपणा दोघांचे मनापासून आभार. औषधांच्या चिठ्ठीवर ‘ओडी’, ‘बीडी’ आणि ‘एसओएस’ असेही लिहिले आहे.

प्रतिसाद ३
ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी म्हणजे दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा, एचएस म्हणजे रात्री झोपताना आणि एसओएस म्हणजे गरज भासली तरच. मात्र डोळ्यांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘ओडी’चा अर्थ ‘उजवा डोळा’ असाही होतो. एसओएसपुढे वेदनाशामक गोळी लिहिलेली असल्यास मूत्रपिंडाचा रिपोर्ट त्या डॉक्टरांनी पाहिला आहे ना, याची आधी खात्री करून घ्या. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्यांनी आधीच कमकुवत असलेल्या मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.